गजेंद्रचा होकार

१

नीळकंठरावांचे मत असे होते की, रस्त्याला वळण असावे. वळण नसलेल्या माणसावर जसा भरवसा ठेवता येत नाही, तसाच तो वळण नसलेल्या रस्त्यावरही ठेवता येत नाही. मेहकरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते, आणि पुढची तेरा वर्षे त्यांनी गावच्या वाचनालयातील शब्दकोश कोणाच्याही मदतीवाचून पानापानाने वाचून काढले होते. अशा माणसाचे मत सहसा बदलत नाही. परंतु नागपूरला जायचे तर नव्या महामार्गाला पर्याय नव्हता. जुन्या रस्त्याने सात तास लागत, आणि त्या सात तासांत जेवढे खड्डे लागत तेवढे हिसके शैलजाबाईंच्या डोळ्याला बसत.

शैलजाबाई या त्यांच्या पत्नी. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता, आणि उरलेल्या उजव्या डोळ्याचा पडदा कमजोर झाल्यापासून दोन वर्षे दर महिन्याला नागपूरच्या फेऱ्या चालल्या होत्या. गाडी घरचीच होती. पुण्याला असणाऱ्या सौमित्रने, त्यांच्या मुलाने, स्वतः नवी घेतली तेव्हा जुनी आईवडिलांकडे पाठवली होती. ती चालवायला गजेंद्र.

गजेंद्र मेहकरजवळच्या एका खेड्यातला, चाळिशीचा, चार एकरांचा शेतकरी. रिकाम्या दिवशी तो लोकांच्या गाड्या चालवी. हिसका न देता गाडी चालवणारा तालुक्यात हा एकच माणूस, असे शैलजाबाईंचे म्हणणे होते. ते खरे होते. नीळकंठरावांना ते मान्य करावे लागे, आणि मान्य करावे लागते याचाच त्यांना वैताग येई. कारण या उत्तम चालकात एक दोष होता. सरळ रस्त्यावर त्याला झोप येत असे.

“रोडच झोपवते, काकाजी,” तो पहिल्याच फेरीत म्हणाला होता. “जुन्या रोडवर खड्डा चुकवा, ढोर चुकवा, ट्रॅक्टर चुकवा, मानसाले झोपाले टाइमच नाई भेटत. इथं हाताले कामच नाई. तुमी असं करा, बोलत राहा. मी हाव म्हनत राह्यतो. हाव बंद झाला की समजा, गडी गेला.”

नीळकंठरावांना ही योजना पटली. बोलण्याजोगे त्यांच्यापाशी पुष्कळ होते, आणि ऐकणारे माणूस घरात तरी उरले नव्हते. त्यांनी शब्दांच्या जन्मकथा सांगायला घेतल्या. घमेले हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, हे ऐकून गजेंद्र तीन किलोमीटर जागा राहिला.

“घमेलं बी आपलं नाई म्हना की.”

“नाही.”

“हाव?”

“हाव नव्हे. होय म्हणावे. हाव म्हणजे लोभ.”

“लोभ तं असावाच लागते न, काकाजी. तुमी चिठ्ठीच्या खाली काय लिवता?”

मागच्या सीटवर शैलजाबाई खुदकन हसल्या होत्या. दोन वर्षे झाली, पंचवीसएक फेऱ्या झाल्या, दोनशे तरी शब्द सांगून झाले. परंतु गजेंद्रच्या तोंडून होय हा शब्द एकदाही निघाला नाही. नीळकंठराव प्रत्येक फेरीत निदान दहा वेळा त्याला टोकत, आणि तो दहाही वेळा म्हणे, “हाव काकाजी, चुकलं.”

२

या खेपेला शस्त्रक्रिया झाली होती. सुटलेला पडदा डॉक्टरांनी पुन्हा बसवला आणि तो जागेवर दाबून धरावा म्हणून डोळ्यात वायू भरला. दहा दिवस मान खाली घालून बसायचे, झोपायचेही पालथे. चार दिवस नागपूरला काढल्यावर घरी जायची परवानगी देताना डॉक्टरांनी नीळकंठरावांना बाजूला घेतले. “धक्का नको. अचानक ब्रेक नको, वळवावळव नको. पडदा पुन्हा सुटला तर मला काही करता येणार नाही. यांना हा एकच डोळा आहे.”

नीळकंठरावांनी ही चारही वाक्ये गजेंद्रला जशीच्या तशी ऐकवली. तो भल्या पहाटे मेहकरहून गाडी घेऊन निघाला होता. त्याचे डोळे लाल होते.

“रात्री झोपलास का?”

“झोपलो न.”

“किती?”

“दोन तास. पंपाची लाइन रातची होती, काकाजी. भुईमुगाले पानी नाई देल्लं तं वाळून जाईन.”

“आज यायचे आहे हे ठाऊक असताना?”

“मंग लाइनवाल्याले सांगू का, आमच्या काकूचा डोळा आहे, तवा दिवसाची लाइन दे म्हनून?”

नीळकंठरावांनी कपाळाला हात लावला. निघताना टायरची हवा तपासली होती का, तर नाही. आता तपासतो म्हणाला. तापलेल्या टायरमध्ये हवेचा आकडा खोटा येतो, ती थंड टायरात तपासायची असते, हे त्यांनी त्याला किमान पाच वेळा सांगितले होते. पेट्रोल पंपावर टाकी भरून घेतली, हवाही पाहिली. वर गजेंद्रने आणखी एक बातमी दिली.

“गाडी डाव्या अंगाले ओढून राह्यली, काकाजी. चाकाचं अलाइनमेंट गेलं. काई नाई, स्टिअरिंग जरासं उजव्या अंगाले दाबून धरा लागते. सोडलं की चालली डावीकडं.”

“हे आज सांगतो आहेस?”

“आजच ओढून राह्यली तं काल कसं सांगू?”

शैलजाबाईंच्या मांडीवर दोन उश्या ठेवल्या, उश्यांवर त्यांनी कपाळ टेकले, आणि त्या म्हणाल्या, “अहो, आता त्याला रागावून जागं ठेवणार आहात की बोलून? काय ते एक ठरवा.”

दुपारचे बारा वाजले होते. पावणेतीनशे किलोमीटर जायचे होते. नीळकंठरावांनी पट्टा लावला, काच वर केली, घसा खाकरला आणि दप्तर हा शब्द घेतला.

३

कारंजा जवळ येईपर्यंत सगळे यथास्थित होते. सिमेंटचे पांढरे पट्टे एकामागून एक येत, त्यांच्या सांध्यांवरून चाके टक्‌ टक्‌ करीत जात, आणि दर वाक्यागणिक उजवीकडून हाव येई. कधी मोठ्याने, कधी जांभईत बुडालेला. मार्चचे ऊन समोरच्या रस्त्यावर पाण्यासारखे हलत होते. दोन्ही बाजूंना कुंपण, कुंपणापलीकडे काढणी झालेली उघडी शेते. वळण नव्हते, झाड नव्हते, पाटी वाचावी म्हटले तर ती येईपर्यंत विसर पडे. असा रस्ता बांधणाऱ्यांनी तो कोणासाठी बांधला, असा प्रश्न नीळकंठरावांना पडला. माणसासाठी तो नव्हता. माणसाला मधूनमधून काहीतरी आडवे यावे लागते.

कारंजा ओलांडल्यावर ते बिजागरीवर आले.

“आता दाराची बिजागरी. ही मूळची पोर्तुगीज बिसाग्रा. दार परक्यांनी आणले नाही, बिजागरी मात्र आणली. आलं लक्षात?”

“होय.”

दोन वर्षांच्या श्रमांचे फळ असे अचानक, एका साध्या वाक्यानंतर, हाती पडेल असे नीळकंठरावांना वाटले नव्हते. उच्चार स्वच्छ होता. य पूर्ण होता, कुठे ओढला नव्हता, कुठे गिळला नव्हता. वर्गातल्या ढ मुलाने अवघड गणित सोडवावे आणि मास्तरांनी मुद्दाम तिकडे पाहू नये, तसे त्यांनी केले. कौतुक केले असते तर तो पुन्हा चेष्टेवर आला असता. ते पुढे बोलत राहिले.

“चावीही तशीच आलेली.”

“होय.”

“आणि बटाटा.”

“होय.”

गाडी संथ चालली होती. वेगाचा काटा अठ्ठ्याण्णववर होता आणि तिथेच चिकटवल्यासारखा स्थिर होता. पाऊण तास ते बोलत राहिले. पाऊण तास प्रत्येक वाक्यानंतर, ठरल्या अंतराने, होय आला. एकदा त्यांना वाटले की, वाक्य संपण्याच्या किंचित आधीच तो आला. परंतु चांगला श्रोता असे करतो, हे त्यांना ठाऊक होते.

४

गाडी थांबली ती शैलजाबाईंनी पाणी मागितले म्हणून. नीळकंठरावांनी गजेंद्रच्या दंडाला हात लावला, तो दचकला, आणि मग एका चहाच्या टपरीपाशी, जिथे ट्रक रांगेने उभे होते, त्याने गाडी अलगद कडेला घेतली. तोंडावर पाणी मारून तो आला आणि भोवती पाहत राहिला.

“कारंजा कव्हा येईन, काकाजी?”

“कारंजा मागे गेले. मालेगाव आले आता.”

“काऊन चेष्टा करता.”

“मी चेष्टा करीत नाही. मी कधी चेष्टा केली आहे?”

हे गजेंद्रला पटले असावे. त्याने मोबाइलमध्ये पाहिले, मग ट्रकवाल्याला विचारले, मग तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

“म्हनजे मी झोपलो होतो.”

“झोपला नव्हतास. तू होकार देत होतास. शिवाय शुद्ध देत होतास. होय म्हणत होतास.”

“मी?”

“तूच.”

“मी काऊन म्हनीन होय? माह्या तोंडात तो बसतच नाई.” त्याने जीभ दातांवरून फिरवली. “कारंजाची पाटी दिसली तवापासून माह्या तोंडात खर्रा होता, काकाजी. तुमाले कळू नये म्हनून गालात धरून होतो. आता थुकला. हाव म्हनाले बी तोंड उघडलं नसतं.”

नीळकंठराव संतापले. पहिल्याने तंबाखूच्या खर्ऱ्यावर, कारण त्याला गाडीत बंदी होती, मग झोपेवर, मग एकंदर सगळ्यावर. पाऊण तास झोपेत गाडी चालवणे शक्य नाही, ते म्हणाले, त्यामुळे तो झोपला नव्हता. त्याला आठवत नाही, एवढेच. हे रोजचे काम करताना होते. कचेरीतून घरी आल्यावर वाटेत कोण भेटले ते माणसाला कुठे आठवते? आणि एसीची बाहेरची हवा बंद ठेवली की गाडीतली कोंदट हवा माणसाला गुंगी आणते, हेही आहेच. त्यांनी स्वतः हात घालून ते बटण फिरवले.

“अन गाडी तं डावीकडं ओढते,” गजेंद्र हळूच म्हणाला. “झोपलो असतो तं गेली असती न कठड्यावर.”

“तेच मी सांगतो आहे.”

शैलजाबाई उशीत तोंड घालूनच बोलल्या. “मला तर वाटलं, तुम्हीच स्वतःला होय म्हणताय. घरी म्हणताच की.”

गजेंद्र हसला. नीळकंठरावांना हसू आले नाही. आवाज गजेंद्रचा होता का, हे आठवायचा प्रयत्न त्यांनी केला. पुरुषाचा होता. नम्र होता. याहून अधिक त्यांना सांगता येईना, आणि शब्दांचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाला एका शब्दाबद्दल एवढेच सांगता यावे, याची त्यांना लाज वाटली.

“दुसरा चालक मिळेल का इथे?”

“इथं कोन भेटते? पाऊण तासाचं तं काम राह्यलं. दोन चहा मारले मी. चला.”

५

जिल्ह्याची हद्द लागली तेव्हा गजेंद्र ठणठणीत जागा होता. हाव मोठ्याने येत होता, सोबत टोमणेही येत होते. नीळकंठरावांनी तारीख हा शब्द सांगितला, तर तो म्हणाला, “अरबस्तानातून आली? मंग कोर्टात एवढा उशीर काऊन लागते, ते आता समजलं.” शैलजाबाईंचे खांदे हसण्याने हलले, आणि नीळकंठरावांनी त्यांना दटावले, डोळ्याला धक्का बसेल म्हणून. मनातून त्यांना बरे वाटत होते. बाहेर डोंगरांच्या उतरणी लागल्या होत्या. आता हा आपला मुलूख.

मग एका उतारानंतर, पळसाने लाल झालेली एक टेकडी मागे पडली आणि त्यांनी हजर हा शब्द घेतला.

“शाळेत आपण हजर म्हणतो. तो परका शब्द. आपला शब्द उपस्थित. परंतु उपस्थित म्हणून कोणी हात वर करीत नाही.”

“होय.”

आता त्यांनी पाहिले. मान न हलवता, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून, गजेंद्रच्या चेहऱ्याकडे. डोळे उघडे होते. ओठ मिटलेले होते. बुबुळे समोरच्या रस्त्यावर होती, पण रस्ता त्यांच्यात उतरत नव्हता. एखाद्या घराच्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि घरातली माणसे गावाला गेलेली असावीत, तसे ते डोळे होते. नीळकंठरावांनी मनात आकडे मोजले. वीसपर्यंत मोजूनही पापणी लवली नाही.

ते बोलायचे थांबले.

गाडीत चाकांचा आवाज तेवढा राहिला. टक्‌, टक्‌, टक्‌. मग त्या आवाजाची लय किंचित बदलली. पांढरी कडेची पट्टी, जी इतका वेळ दूर होती, ती हळूहळू त्यांच्या खिडकीखाली आली. पट्टीवरचे बारीक उंचवटे टायरखाली घर्र करून वाजले, आणि गाडी थरथरू लागली. पलीकडे कठडा होता.

“अहो,” शैलजाबाई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज पातळ झाला होता. “अहो, डोळ्यात काहीतरी हललं माझ्या.”

“परंतु,” नीळकंठराव घाईने म्हणाले, “परंतु गैरहजर याला मात्र आपण अनुपस्थित म्हणतो, ते कागदावर. तोंडी नाही.”

घर्र थांबली. पट्टी दूर सरकली. गाडी आपल्या मार्गिकेच्या बरोबर मधोमध आली, इतक्या हळुवारपणे की पाण्याचा भरलेला पेला डचमळला नसता.

“होय,” उत्तर आले.

सौमित्र सांगतो की, आताच्या गाड्या स्वतःच स्टिअरिंग सांभाळतात. नीळकंठरावांनी हा आधार पकडला आणि लगेच सोडला. ही गाडी नऊ वर्षांची होती. हिच्या मागच्या काचासुद्धा हाताने वर कराव्या लागत.

६

ते बोलत होते. काय बोलत होते याकडे त्यांचे लक्ष नव्हते. जीभ आपोआप चालली होती, आणि डोके दुसरीकडेच धावत होते. गजेंद्रला हलवून जागे करावे, तर तो दचकून ब्रेक दाबेल. मघाशी दंडाला हात लावला तेव्हाही तो दचकला होता. तेव्हा नशिबाने नुसताच दचकला. हाताचा ब्रेक ओढावा, तर अठ्ठ्याण्णवच्या वेगाने गाडी कुठे जाईल, ते सांगता येत नाही. डॉक्टरांची चार वाक्ये त्यांना एकामागून एक ऐकू येत होती. एकच डोळा आहे. मागे उश्यांवर कपाळ टेकून बसलेली बाई त्या एका डोळ्यानिशी घरी पोचली पाहिजे, आणि त्यासाठी गाडी अशीच, अगदी अशीच सरळ चालली पाहिजे.

समोर रस्त्यावरून जाणारा एक रुंद पूल दिसला. वन्यप्राण्यांसाठी बांधलेला, वर माती आणि गवत असलेला. गाडी त्याच्या सावलीत शिरली. बाहेरचे ऊन एकदम तुटले, आणि समोरची काच क्षणभर आरशासारखी झाली.

काचेत त्यांना स्वतःचा पांढरा सदरा दिसला. त्याशेजारी गजेंद्र दिसला. गजेंद्रचे दोन्ही हात मांडीवर होते. तळवे वर, बोटे अर्धवट मिटलेली, झोपेत असतात तशी. त्याच्या बोटांच्या भेगांत शेताची माती होती.

स्टिअरिंगवरही दोन हात होते.

ते स्वच्छ होते. नखे नीट कापलेली होती. ते स्टिअरिंग उजव्या अंगाला दाबून धरीत होते, फार जोर न लावता, जेवढे लागते तेवढेच.

पुलाची सावली संपली. उन्हाने काच पुन्हा पांढरी झाली. उजवीकडे मान वळवून प्रत्यक्ष पाहणे काहीच अवघड नव्हते. अंतर दीड हाताचे होते. नीळकंठरावांनी ती वळवली नाही. त्यांनी नजर समोर, रस्त्यावर, जिथे पाण्यासारखे काहीतरी हलत होते तिथे लावली, आणि ती तिथून काढली नाही.

“असा तो शब्द आहे,” ते म्हणाले.

“होय.”

७

मेहकरच्या फाट्याची पहिली पाटी आली. मग दुसरी. डावीकडे उतरायचे होते, आणि डावीकडे तर गाडी आपणहूनच ओढत होती. नुसते सोडायचे होते.

“गजेंद्र,” नीळकंठराव शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, “मेहकर आले. वेग कमी कर. डावीकडे घ्यायचे आहे.”

“होय.”

काटा अठ्ठ्याण्णववरच राहिला.

“गजेंद्र.”

“होय.”

“तू नव्हे,” नीळकंठराव म्हणाले, आणि आपण हे कोणाला म्हणालो हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. दोन वर्षांत या माणसाशी ते असे कधी बोलले नव्हते. “गजेंद्र, बाबा, हाव म्हण. एकदाच म्हण. माझी चूक झाली. तुझा शब्द बरोबर होता. तुझ्या बापाने म्हटला, आजाने म्हटला, तो चुकीचा कसा असेल? मला काय कळते? हाव म्हण रे.”

गजेंद्रचा घसा किंचित हलला. खोल विहिरीच्या तळाशी कोणी हाक ऐकावी आणि वर पाहावे, तसे काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून सरकले. ओठ विलगले.

“होय,” शेजारून आले. आणि गजेंद्रचे ओठ पुन्हा मिटले.

फाटा डावीकडे फुटला, रुंद झाला, वळणदार उतरत गेला. त्या वळणावर एक ट्रक सावकाश खाली जात होता. त्याच्या मागच्या फाळक्यावर बसलेल्या माणसाने तोंडावर रुमाल घेतला होता. मग फाटा मागे गेला.

“आपला फाटा आला होता ना?” शैलजाबाईंनी उशीतून विचारले. “गाडी उतरली नाही वाटतं. मला वळण लागलं नाही.”

“पुढच्या फाट्याला उतरू. सिंदखेडराजाला.”

“बरं. पण गाडी काय छान चालवतोय हो आज. जरासुद्धा हलत नाही. सांगा त्याला माझ्यातर्फे.”

नीळकंठरावांनी सांगितले नाही. टाकी नागपूरला भरली होती. तिच्यात अजून तीनशे किलोमीटरचे पेट्रोल असावे. ते संपेल तेव्हा गाडी आपोआप हळू होत, धक्का न देता, कुठेतरी उभी राहील. तोवर बोलायचे. तीन तास. मिनिटाला एक शब्द धरला, तर एकशे ऐंशी. एवढे शब्द आपल्याला ठाऊक आहेत याबद्दल त्यांना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. आज प्रथमच त्यांनी आतल्या आत ती कपाटे उघडून पाहिली, आणि ज्या कपाटात हात घालावा ते त्यांना अर्धे रिकामे वाटले.

तरी एक शब्द सापडला. जुना, घरचा, भक्कम.

“वाट,” ते म्हणाले. “हा आपला स्वतःचा शब्द. संस्कृतात वर्त्मन्. त्यातून प्राकृतात आला, आणि मग...”

उत्तर लगेच आले नाही. चाके टक्‌ टक्‌ करीत राहिली.

“हा शब्द सांगून झाला आहे,” शेजारून कोणीतरी अदबीने म्हणाले.

आणि गाडी, अगदी किंचित, डावीकडे झुकली.